चौऱ्याऐंशी माणसांचा फोटो

मुलांच्या खात्याने एक फोटो मागितला होता. एकच. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या मांगेरे वस्तीत अजून लोक म्हणतात की त्या सरकारी बाईंनी मागण्या वाढवत नेल्या आणि आम्ही बिचारे पुरवत गेलो. तसं काही नाही. जे वाढलं ते माझ्या हातून वाढलं. माझ्या हातून कुठलंच काम लहान होत नाही. मी चहाला बोलावलं तरी लोक जेवून जातात, आणि जाताना डबा नेतात.

माझा धाकटा लफाएले इस्पितळात एक्स-रे काढतो. त्याचा नवरा फर्गस नगरपालिकेच्या बागेत माळी आहे. फर्गस पार दक्षिणेकडचा, मेंढ्यांच्या मुलखातला. अंगाने काठी, रंगाने दूध, आणि दिवसाला सात शब्द बोलतो, त्यातले तीन 'हो आई' असतात. सहा वर्षांपूर्वी आमच्या परसात ताडपत्रीखाली दोघांचं लग्न झालं आणि तेव्हापासून दोघे माझ्याच घरात राहतात. त्यांना मूल दत्तक हवं होतं. दोन वर्षं ते खात्याच्या खेपा घालत होते. मला एका ओळीचा अर्ज भरायचा म्हटलं तरी घाम फुटतो, कारण माझी शाळा पाचवीत संपली. या दोघांनी त्रेचाळीस प्रश्नांची उत्तरं लिहिली, पाच शनिवार वर्गात बसून बाळाला न्हाऊ घालायला शिकले, आणि एकदाही तोंड वाकडं केलं नाही. एक प्रश्न होता, तुम्हाला राग आला की काय करता? फर्गसने लिहिलं, बागेत जातो. खात्याच्या ग्लेनिसबाईंनी विचारलं, पाऊस असला तर? तो म्हणाला, भिजतो.

माझ्या वेळी असलं काही नव्हतं. सामोआत माझ्या आईला सात मुलं होती आणि आत्याला एकही नव्हतं, म्हणून आईने मला आत्याला दिलं. चालत नेऊन दिलं, आणि दर रविवारी चालत येऊन मला बघून गेली. ना अर्ज, ना वर्ग. मला दोन आया होत्या आणि दोघींचा मार खाल्ला, म्हणून मी अशी सरळ आहे.

इथली रीत वेगळी. जिला आपलं बाळ वाढवणं जमणार नाही, तिच्यापुढे खातं आठ-दहा घरांच्या वह्या ठेवतं. वहीत त्या त्या घरचे फोटो आणि एक पत्र. ती सगळ्या वह्या चाळते आणि एक उचलते. उरलेल्या परत कपाटात. कित्येकांच्या वह्या त्या कपाटातच म्हाताऱ्या होतात. म्हणजे दोन वर्षांची सगळी तपश्चर्या शेवटी त्या वहीवर येऊन थांबली होती.

दोघांनी वही केली आणि मला दाखवली. पहिल्या पानावर दोघे समुद्रावर. दुसऱ्यावर दोघे सायकलवर. पाचव्यावर मांजर. सातव्यावर पुन्हा तेच मांजर, दुसऱ्या अंगाने.

"बाकीची माणसं कुठायत?" मी विचारलं.

"कुठली बाकीची?" लफाएले म्हणाला.

"अरे, ही वही बघून वाटतं तुम्ही दोघे जहाज फुटून किनाऱ्याला लागलायत, मांजरासकट. असल्या घरात मी तर मांजरही दिलं नसतं."

"आई, ग्लेनिसबाई म्हणाल्यात साधं ठेवा. आता फक्त कुटुंबाचा एक फोटो हवाय. तू, मी आणि फर्गस."

"तू, मी आणि फर्गस याला कुटुंब म्हणत नाहीत. याला रांग म्हणतात. तीही बसची."

त्याने फर्गसकडे बघितलं. फर्गसने मांजराकडे बघितलं. "बरं," लफाएले म्हणाला, "पण फक्त जवळची माणसं."

"जवळचीच," मी म्हणाले, आणि त्याच दुपारी फोन करायला बसले. जवळची ऐंशी निघाली. लांबच्यांना मी हातच लावला नाही, हे कोणी लक्षात घेत नाही.

आता ऐंशी माणसं बोलावली की त्यांना जेवायला घालायला हवं. जेवायला घालायचं तर उमू लावायला हवी, म्हणजे परसात दगड तापवून त्यांवर डुक्कर, तारोचे कंद आणि ब्रेडफ्रूट पानांखाली भाजायचं. आणि सगळ्यांना एका कापडाचे कपडे हवेत, नाहीतर फोटोत आपण बाजारातली गर्दी दिसतो. निळ्यावर पांढरी फुलं अशा कापडाचे मी तागेच आणले. आमच्या शिंपिणीने फर्गसचा सदरा माझ्या पुतण्याच्या मापावर शिवला. त्यात तो आणि मांजर दोघे मावले असते. त्याने घालून बघितला आणि म्हणाला, "हवा छान लागते."

इथवर सगळं सुरळीत होतं. मग ग्लेनिसबाई घर बघायला आल्या आणि म्हणाल्या, बाळ तुमच्या घरात वाढणार, तेव्हा तुम्हाला ओळखणाऱ्या एका माणसाचं पत्र लागेल. माणूस नात्यातला नको.

"सोपं आहे," मी म्हणाले. "आमचे पाद्री."

"तुमचे कोण लागतात?"

"मामेभाऊ."

त्यांनी नाव खोडलं. डॉक्टरीण सांगितली, ती भाची. गायनमंडळाची प्रमुख सांगितली, ती विहीण. खाटीक सांगितला. त्याचं नातं मला स्वतःला ठाऊक नव्हतं, पण तेवढ्यात आतून लफाएले ओरडला, "आई, तो बाबांचा मावसभाऊ."

"अकेनेसेबाई," ग्लेनिसबाई पेन खाली ठेवून म्हणाल्या, "तुमच्या ओळखीत परकं कोणी नाहीच का?"

"परक्यांशी ओळख कशाला ठेवू?"

पाद्र्यांना ही बातमी कळली तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला की ईस्टरलासुद्धा तेवढा उजळत नाही. लग्नाच्या दिवशी आशीर्वादाला बोलावलं तेव्हा त्यांचा घसा बसला होता, तो गेली सहा वर्षं या दोघांचा विषय निघाला की बसतोच. आता ते खणखणीत म्हणाले, "नातं आडवं आलं गं अकेनेसे. नाहीतर मी चार पानं लिहिली असती."

"नातं राहू दे," मी म्हणाले. "घसा सांभाळ."

ग्लेनिसबाईंनी जाता जाता खिडकीतून कुंपणाकडे बोट दाखवलं. "त्या कोण?"

त्या म्हणजे शेजारीण सालोते. टोंगा बेटांवरची. आमच्या आणि टोंगाच्या लोकांचं वैर पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे, पण आमच्या दोघींचं अकरा वर्षांचं, आणि ते केळीवरून. तिची केळ कुंपणावरून माझ्याकडे वाकली होती, मी उमूसाठी तिची पानं कापली. वाकलेली वस्तू जिकडे वाकते तिकडची, असं माझं म्हणणं. तिचं म्हणणं वेगळं होतं आणि फार मोठ्याने होतं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. कुंपणापाशी दोघी असलो तर मी मांजराशी बोलायचे आणि ती केळीशी.

आता तिच्या दारात जायचं. मी. खोबऱ्याच्या दुधातले गोड पाव भाजून घेतले, चर्चला जायची टोपी घातली, आणि चाळीस पावलांचा रस्ता दोनदा परत फिरून तिसऱ्या खेपेला पुरा केला.

सालोतेने दार उघडलं आणि टोपीकडे बघितलं. "कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही. येणार आहे, आलं तर." मी सगळं सांगितलं. उभ्यानेच, कारण बस म्हणाली नाही.

तिने एक पाव उचलला, मोडला, हुंगला. "म्हणजे माझ्या अक्षरावर तुला नातवंड मिळणार."

"असं समज."

"मी खोटं लिहीत नाही, अकेनेसे."

"खरं लिही म्हणतेय ना मी?"

"केळीचंही लिहीन."

तिथे मला खरं तर परत फिरायचं होतं. पण डोळ्यांपुढे फर्गस आला, त्या सदऱ्यात. "लिही," मी म्हणाले. "केळीचंही लिही."

तिने पाव खाल्ला. मग आत गेली, कोयता घेऊन आली आणि परसात जाऊन पानांचा भारा कापून माझ्या हातात दिला. "यंदा मागून ने," म्हणाली. तिचं पत्र मात्र बंद पाकिटात थेट खात्याकडे गेलं. त्यात काय होतं ते मला कळलं नाही आणि मी दहा दिवस नीट जेवले नाही. म्हणजे रात्रीचं नीट जेवले नाही.

फोटोचा शनिवार उजाडला. चर्चमधून बाकं आणली. उमूचा धूर इतका सुंदर वर गेला की समोर नव्याने राहायला आलेल्या एका बाईने आगीचा बंब बोलावला. लाल गाडी, घंटा, चार जवान, हातात नळ्या. त्यातला एक बघते तर माझ्या चुलत नणंदेचा नातू. मग काय, चौघे जेवायला बसले आणि हा पठ्ठ्या शिरस्त्राण घालूनच फोटोत उभा राहिला. म्हणजे ऐंशीचे एक्याऐंशी झाले. दोन आते-सासवा न बोलावता आल्या होत्या, त्र्याऐंशी.

माझे धाकटे दीर सोलोमोना घराण्याचे मानकरी आहेत, म्हणून मधल्या बाकावर बसायचा हक्क त्यांचा. त्यांचं वजनही मानाला साजेसं आहे. ते बसले आणि बाक मोडलं. त्यांना उचलायला सहा जण लागले आणि मग मान कुठे ठेवायचा यावर अर्धा तास चर्चा झाली. अखेर ते माझ्या उजवीकडे खुर्चीवर बसले आणि मधोमध मी बसले. ही तडजोड मीच सुचवली होती.

आमच्याकडे आधी वडीलधारी जेवतात. घरातले बिनहुद्द्याचे, म्हणजे मानकरी नसलेले पुरुष वाढतात, आणि जेवण झालं की एकेका वडीलधाऱ्यापुढे पाण्याचं घंगाळ आणि पंचा घेऊन येतात, हात धुवायला. वय कितीही असो. लफाएले चाळिशीचा आहे, पण हुद्दा नाही, म्हणून तो वाढतो. फर्गस त्याचा नवरा, म्हणून तोही. दोघे सकाळपासून धावत होते. माझ्या नवऱ्याचे काका पेनीआजोबा ब्याण्णव वर्षांचे, दोन्ही डोळ्यांनी आंधळे, ते स्वयंपाकघराच्या दारापाशी अजून जेवतच होते. उजेड उतरायला लागला तसा फोटो काढणारा भाचा घाई करू लागला. कोणीतरी म्हणालं, पेनीआजोबा राहिले. मी म्हणाले, "असू देत तिथेच, त्यांना कॅमेरा थोडाच दिसणार आहे." मग मी सगळ्यांना पोट आत घ्या, हसा, डोळे उघडा असं सांगितलं, आणि फोटो निघाला. कुंपणावरून सालोतेचं डोकं दिसत होतं. ती धरून चौऱ्याऐंशी.

भाच्याने फोटो पायपुसण्याएवढा छापून आणला. मी तो घडी घालून वहीत चिकटवला. वही मिटेना, म्हणून रिबिनीने बांधली, वर रंगीत कागद गुंडाळला आणि लफाएलेला सांगितलं, "उघडू नका, अपशकुन होतो." असा काही अपशकुन नसतो. मला फक्त त्यांनी त्यातून माणसं कमी करायला नको होती.

चार दिवसांनी ग्लेनिसबाईंचा फोन आला. "अकेनेसेबाई, फोटो फारच भरगच्च आहे. फक्त मला लफाएले आणि फर्गस सापडत नाहीयेत."

"मधोमध बघा."

"मधोमध तुम्ही आहात."

मी फोटोची दुसरी प्रत काढली. तो फोटो मी त्याआधी दहा वेळा पाहिला होता, आणि दहाही वेळा स्वतःला पाहिलं होतं. आता बोटाने एकेक डोकं मोजलं. बंबवाला होता. न बोलावलेल्या आते-सासवा होत्या. ज्यांना मूल हवं होतं ते दोघेच रांगेत नव्हते, कारण ते वाढत होते, आणि त्यांना बोलवावं हे मला सुचलं नव्हतं. आमच्याकडे वाढणाऱ्यांना फोटोत बोलवत नाहीत.

"वही परत पाठवा," मी म्हणाले.

"ती कालच एका मुलीकडे गेली," ग्लेनिसबाई म्हणाल्या.

संध्याकाळी दोघे घरी आल्यावर मी सांगितलं. फोटो पुढे ठेवून सांगितलं. लफाएलेने फोटोतल्या रांगा पुन्हा पुन्हा तपासल्या, आणि मग न्हाणीघरात जाऊन त्याने दार लावून घेतलं. नळ सोडला, पण पाण्याचा आवाज कशासाठी असतो ते आईला कळतं. फर्गस उभाच होता. त्याचे कान लाल झाले होते. त्याने दाराच्या खुंटीवरचा रेनकोट काढला, परत अडकवला आणि म्हणाला, "आई, बागेत येता?"

बाहेर धो धो पाऊस होता. मी गेले. आम्ही दोघे तारोच्या वाफ्यापाशी उभे राहून भिजलो. पाऊणेक तासाने म्हणाला, "चला, तुम्हाला सर्दी होईल." माझ्या आयुष्यात माझ्यावर खूप माणसं रागावली आहेत, त्यांतल्या कोणीही इतक्या चांगल्या रीतीने रागावलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी धुणं वाळत घालत होते. सालोते कुंपणापाशी आली आणि केळीशी न बोलता थेट माझ्याशी बोलली. "काल बाई पावसात उभी होती. वेड लागलं का?"

मी सांगितलं. मला वाटलं हसेल.

ती म्हणाली, "मी पत्रात काय लिहिलं ते सांगू? लिहिलं, ही बाई चोर आहे, हिने माझ्या केळीची पानं नेली. आणि लिहिलं की अकरा वर्षं हिचा आवाज मला कुंपणावरून ऐकू येतो, ऐकायचा नसला तरी. हिने त्या गोऱ्या पोराला जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्याच पोटच्या पोराला दिल्या. कमी नाहीत, जास्त नाहीत. मी कान देऊन मोजल्यात."

मी उशीचे अभ्रे दोनदा पिळले. "केळीची पानं हवी असतील तर ने," असं म्हणून ती आत गेली.

तीन आठवड्यांनी ग्लेनिसबाई एका मुलीला घेऊन आल्या. नाव टेगन, वय एकोणीस, गाईंच्या गोठ्यावर धारा काढायच्या कामाला. पोट आठव्या महिन्याचं. बरोबर आई नाही, बहीण नाही, कोणी नाही. तिच्या हातात आमची वही होती, रिबीन परत नीट बांधलेली.

ती टेबलाशी बसली, घडी उलगडली आणि फोटोच्या अगदी डाव्या कडेला बोट ठेवलं. स्वयंपाकघराच्या दारापाशी पेनीआजोबा खुर्चीत होते. त्यांच्यापुढे गुडघ्यावर एक माणूस घंगाळ धरून, अंगात तंबूसारखा सदरा. शेजारी दुसरा खांद्यावर पंचा टाकून आजोबांची बोटं एकेक करून पुसतोय आणि कशाला तरी हसतोय.

"हेच ना दोघे?" टेगनने विचारलं.

"हेच," मी म्हणाले.

"बाकीच्या वह्यांत सगळे माझ्याकडे बघून हसत होते. इतकं हसत होते की मला भीती वाटली. हे दोघे माझ्याकडे बघतच नव्हते." मग तिने बोट तसंच ठेवून विचारलं, "त्या आजोबांना दिसत नाही का?"

"नाही," फर्गस म्हणाला. "म्हणून पाणी आधी कोमट आहे का ते बघावं लागतं."

तिने बोट उचलून फोटोची घडी घातली. "मला नंतर येता येईल? कधीतरी?"

ग्लेनिसबाईंनी घसा साफ केला. "सुरुवातीला वर्षातून दोन भेटी, दोन्ही बाजूंच्या संमतीने—"

"दर रविवारी," मी म्हणाले. "चर्च सुटल्यावर. उशीर केलास तर डुकराची कुरकुरीत पाठ संपलेली असेल."

बाळ झाल्यावर सही करायला कायदा आईला काही दिवस देतो, विचार बदलायला. टेगनने बारा घेतले. तिने विचार बदलला असता तर मी एक शब्द बोलले नसते. म्हणजे बोलले असते, पण आतल्या खोलीत. लफाएलेने त्या बारा दिवसांत पाळणा तीनदा खोलला आणि तीनदा जोडला. फर्गसने आमची बाग संपवून सालोतेची खणायला घेतली. तेराव्या दिवशी फोन आला आणि फर्गस मातीच्या हातांनीच येऊन माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. चर्चचा पांढरा झगा खराब झाला, तो मी तसाच ठेवलाय.

मुलीचं नाव टेगनने ठेवलं, हेझल. आम्ही मागे फक्त सहा जोडली.

तीन महिन्यांनी दुसरा फोटो काढला. या वेळी मी लफाएले आणि फर्गसला धरून मधोमध बसवलं, मांडीवर हेझल. उजवीकडच्या वडीलधाऱ्यांच्या रांगेत टेगनला बसवलं. सोलोमोना पुटपुटले, "ही एवढीशी पोर मानकऱ्यांत?"

"भावजी," मी म्हणाले, "तिने या घराला काय दिलंय ते मांडीवर दिसतंय. तुम्ही काय दिलंत? एक बाक मोडलंत."

जेवणं झाली. आता हे दोघे बसलेले, मग घंगाळ कोण नेणार यावरून सगळे एकमेकांकडे बघू लागले. मी उठले. माझा नवरा गेल्यापासून मी कोणापुढे घंगाळ नेलेलं नाही, लोक माझ्यापुढे आणतात. कोमट पाणी घेतलं, बोट बुडवून बघितलं, खांद्यावर पंचा टाकला आणि टेगनपुढे गुडघे टेकले. पाद्र्यांचा घसा बसला, या वेळी खरा. ती पोर हात मागे घेऊ लागली, तेव्हा मी म्हणाले, "धू गुपचूप, माझे गुडघे दुखतायत."

तिने हात धुतले. थोडं पाणी सांडलं. सालोते म्हणते ते मी सांडलं. सालोते केळीच्या बाबतीतही खोटंच बोलत होती.

भाच्याने नेमका तेव्हाच फोटो काढला. छान आलाय, भिंतीवर लावलाय. या वेळी सगळे आहेत, अगदी पेनीआजोबाही पुढच्या रांगेत. मीच नाही. उजव्या कडेला खाली बघा, निळ्या फुलांच्या बाहीतून एक कोपर आलेलं दिसेल. ते माझं.